कर्ण्याचं तोंड कुणीकडे

माणसाचा सारा इतिहास म्हणजे एका आवाजाने दुसऱ्या कानापर्यंत पोचण्यासाठी केलेली धडपड आहे. हे वाक्य मी गेल्या आठवड्यात एका सभेत ऐकलं. म्हणजे अर्धं ऐकलं. उरलेलं कर्ण्याच्या शिट्टीत गेलं. शेजारच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "असंच काहीतरी म्हणले." इतिहासाबद्दल याहून नेमकं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ज्वारी काढणीला आली की आमच्या भागात कर्णे फुटतात. कोंब फुटावेत तसे. पलीकडच्या वस्तीवर सप्ताह, अलीकडे भांडीवाला, रस्त्यावर जीपमधून कुणाला तरी निवडून द्यायची विनंती. सगळे एकाच वेळी बोलतात आणि कुणाचंच काही कळत नाही. ज्वारीची बारीक, खाजरी कूस अंगाला लागल्यासारखा तो आवाज दिवसभर चावत राहतो. लोक वैतागत नाहीत. खळ्यावर बसून भाकरी खातात आणि वारं कधी सुटतं याची वाट पाहतात, कारण वाऱ्याशिवाय उफणणी होत नाही आणि वाऱ्याला अजून कुणी कर्णा लावलेला नाही.

मला मात्र या दिवसांत एक जुनी सुगी आठवते. निजामाचं राज्य होतं आणि आमच्या साऱ्या पंचक्रोशीत, पार नांदूरघाटापर्यंत, कर्णा एकच होता. तोही बहुतेक वेळ जळालेला असे.

तो बनवला होता माझ्या मावसभावाने, दिगूने. दिगू औरंगाबादेत दोन इयत्ता इंग्रजी शिकून गावी परतला आणि देवळाच्या ओवरीत त्याने मराठी शाळा काढली. शाळा चांगली चालली. हीच तिची अडचण होती. चार पोरं असती तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. चाळीस पोरं एकदम पाढे म्हणू लागली की सरकारला ऐकू जातं. खासगी शाळेला मंजुरी लागे. दिगूने अर्ज केले. मी तेव्हा केजच्या एका वकिलाकडे अर्ज लिहायचंच काम करीत होतो, त्यामुळे ते अर्ज भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. उत्तर आलं नाही.

मग त्या सुगीच्या आदल्या साली तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले. तालुकदार म्हणजे आताच्या भाषेत कलेक्टर, पण आताच्या कलेक्टराला त्या रुबाबाची कल्पना यायची नाही. साहेब शामियान्यात बसले आणि बोलले. काय बोलले हे पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला कळलं नाही. ते त्यांच्या घशामुळे नव्हे. त्या राज्यात माणूस जितका मोठा तितका त्याचा आवाज लहान. शिपाई ओरडे, जमादार जरा कमी ओरडे, तहसीलदार बोले, तालुकदार पुटपुटे. त्यांच्याही वरचे नुसतं बघत असावेत. साहेब पुटपुटले की शेजारी उभा असलेला पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, ते मोठ्याने गावाला सांगे. दिगू पहिल्या रांगेच्या कडेला होता. शाळेचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी मान हलवलेली त्याने पाहिली, ओठही हलले. पेशकाराने जाहीर केलं, "गौर किया जाएगा." म्हणजे विचार केला जाईल.

"नाना, साहेब एवढंच बोलले नाहीत," दिगू मला म्हणाला. "ओठ जास्त वेळ हलत होते."

"ओठांवरून शाळा चालत नसते," मी म्हणालो.

"म्हणूनच," तो म्हणाला आणि त्याने मुंबईहून सुटे भाग मागवले.

ते पार्सल मी पाहिलं आहे. भुशात गुंडाळलेले काचेचे व्हॉल्व्ह, ज्यांना गावाने लगेच दिवे म्हणायला सुरुवात केली. तारांची वेटोळी. एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर. आणि एक नकाशा, ज्यात कुठली तार कुठे जाते हे अशा आत्मविश्वासाने दाखवलेलं होतं की जगात दुसरं काही चुकूच शकत नाही असं वाटावं. गावात वीज नव्हती. मोटारीची बॅटरी, तिचा दाब वाढवणारी एक गुणगुणणारी पेटी, मग हे दिवे, मग पितळी कर्णा, असा सगळा संसार. दिगू शाळा सुटल्यावर ओवरीत बसून तारांचे सांधे जोडायला निखाऱ्यावर डाखणी तापवी. राळेचा वास आणि उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळत. देवाला त्यातला कुठला आवडला ते कळायला मार्ग नव्हता.

परवानगी आबासाहेबांची हवी होती. आबासाहेब गावचे देशमुख. साहेबांचा मुक्काम, शामियाना, जेवण, अदब, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी यंत्राचं वर्णन ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे साहेबांनी वरडायचं?"

"नाही, आबासाहेब. साहेब नेहमीसारखं हळूच बोलतील. ओरडायचं काम यंत्र करील."

आबासाहेबांना हे मनापासून पटलं. जो ओरडतो पण पगार मागत नाही, असा नोकर त्यांना आजवर मिळाला नव्हता. साहेब सुगीत येणार होते, कारण त्या दिवसांत गाव खळ्यावर असतं आणि खळ्यावरच्या राशी पाहून साहेबांना प्रजा सुखी वाटते.

दिगूने पहिली चाचणी ओवरीतच घेतली. कर्णा बाहेर, तोंड शेताकडे, माईक आत. बोलायला काही सुचेना म्हणून तो पाढे म्हणू लागला. खळ्यावर कणसं तुडवत बैलांची पात चालली होती. आभाळातून तेवीसचा पाढा आलेला पाहून बैल थांबले, मग माणसं थांबली. तासभर यंत्र चाललं. दिगूचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला तसा पुन्हा त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान मैदानात, शामियान्याच्या जागी नेलं. आबासाहेबांचा कारभारी तुळशीराम जातीने हजर होता. खुर्ची मांडली, तिच्यापुढे माईक उभा केला, शेजारी यंत्र. दिगूने पाढा सुरू केला. "तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस, तेवीस त्रिक एकोणसत्तर, तेवीस चोक ब्याण्णव..." आणि कर्ण्यातून अशी किंकाळी निघाली की आंब्यावरचे राघू उठून थेट दुसऱ्या गावाच्या हद्दीत गेले. किंकाळी वाढतच गेली आणि मग टप्प. पेटीतून धुराची एक बारीक रेघ निघाली.

खळ्यावरून एक म्हातारा धोतर सावरत मैदानापर्यंत आला. "मास्तर, फुडं काय झालं?"

"जळालं, बाबा."

"तसं न्हवं. तेवीस पाचे किती?"

पेटीत एक बारीक तार असते. बिघाड झाला की ती आधी जळते आणि बाकीचं वाचवते. दिगूने ती बदलली, ओवरीत नेऊन पाहिलं, यंत्र छान चाललं. मैदानात आणलं, किंकाळी फोडून पुन्हा जळालं. तेव्हा त्याने शिकलेल्या माणसाला शोभेल असा निष्कर्ष काढला की तारच फार नाजूक आहे, आणि तिच्या जागी जाड तार घातली. आता तार वाचली आणि दिव्यांची जोडी गेली. काचेच्या आतली काळी पत्र्याची नळी आधी लाल झाली, मग नारिंगी. तुळशीराम कौतुकाने म्हणाला, "आता कुठं पेटला बगा दिवा!"

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. दिगू ओवरीत पालथा पडून एकेक सांधा नखाने ढकलून पाहतोय. तापत्या पत्र्याचा वास. कडब्याच्या गंजीवर पोरं चढलीत आणि तिथून मैदानाकडे पाहत "आता जळंल, आता जळंल" असं एका सुरात म्हणताहेत. दिगूने बॅटरी बदलून आणली. तरी जळालं. ज्वारीची धूळ आत जाते म्हणून पेटीला मलमल बांधली. मलमलही जळाली. कुणी म्हणालं नजर लागली, तेव्हा त्याने नाही म्हणत म्हणत पेटीखाली बिब्बा बांधू दिला. माझं मत विचारलं, तेव्हा मी म्हणालो की ओवरीत सरकारी माणूस नसतो आणि मैदानात सरकारी खुर्ची असते, एवढाच फरक मला दिसतो. मी ते थट्टेने म्हणालो होतो. माझं बरंचसं आयुष्य थट्टेने बोलण्यात गेलं आहे आणि त्यातलं थोडंफार खरंही निघालं आहे. त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

मला त्या वेळी दिगूची कीव यायची, आणि थोडा रागही. शाळेसाठी शाळा चालवावी, यंत्र कशाला? आता वाटतं, त्याचंच बरोबर होतं. ज्या राज्यात निकाल पुटपुटत दिला जातो, तिथे न्यायाची मागणी नंतर करावी. आधी ऐकू येण्याची सोय करावी. पण हे मला फार उशिरा सुचलं. त्या सुगीत मला एवढंच दिसत होतं की दिव्यांची शेवटची जोडी उरली आहे, साहेब येत्या आठवड्यात येणार आहेत, आणि यंत्र नसलं तर पुन्हा पेशकार आहेच. शाळेबद्दल यंदा 'बंद' एवढा एकच शब्द त्याने उच्चारला असता, तर तो साहेबांचा की त्याचा हे ठरवणारं कुणी नव्हतं.

उलगडा झाला तो तुळशीरामाच्या गैरहजेरीने. तो तूप आणायला वडवणीच्या बाजारी गेला होता. दिगूने शेवटची जोडी लावून मैदानात एकट्याने चाचणी घेतली. मी होतो, पण मी हातभार लावणाऱ्यांत मोडत नाही. कर्णा लोकांच्या जागेकडे तोंड करून उभा. पाढा तेवीसचाच. ब्याण्णव झालं, पंधरोदरसे, म्हणजे एकशे पंधरा, झालं, दोनशे तीस झालं. खळ्यावरून त्या म्हाताऱ्याने हात वर केला; त्याचं समाधान झालं असावं. दिगू चोविसाव्यात शिरला. यंत्र गुणगुणत राहिलं.

तेवढ्यात तुपाची घागर घेऊन तुळशीराम आला. घागर खाली ठेवली, हात पुसले, आणि रोजच्या सवयीने जाऊन कर्णा फिरवला. तोंड थेट खुर्चीकडे.

किंकाळी निघाली. दिगूने झडप घालून बॅटरीची तार उपटली. दिवे वाचले.

"तुम्ही हे रोज करता?" दिगूने विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"करावंच लागतं की," तुळशीराम म्हणाला. "तुमी सामान मांडून तारांत डोकं घातलं की मी फिरवतो. तुमी आपलं त्याचं ढुंगण साहेबांकडं करून ठिवता. सांगितलं न्हाई, म्हणलं मास्तरला अदब म्हाईत नसंल, उगं कावून लाज आणा?"

त्या काळची अदब ज्यांनी पाहिली नाही, त्यांना यात तुळशीराम मूर्ख वाटेल. तो नव्हता. हुजुरांकडे पाठ करायची नाही, हा नियम माणसाला लागू होता तसा वस्तूलाही होता. मी स्वतः लोकांना कचेरीतून उलट्या पावलांनी बाहेर पडताना आणि उंबऱ्याला अडखळून उताणं पडताना पाहिलं आहे. पडतानाही तोंड हुजुराकडेच असे. तक्त्यावरचं पिसारा फुलवलेल्या मोराचं चित्र, चांदीचा हत्ती, अत्तरदाणीची चोच, सगळं साहेबांकडे वळवून ठेवलं जाई. एवढं मोठं पितळी तोंड दुसरीकडे बघत असलेलं तुळशीरामाला कसं चालणार?

आम्ही आबासाहेबांच्या ओट्यावर गेलो. दिगूने समजावलं की कर्ण्याचा आवाज समोरच्या माईकात शिरतो, तिथून मोठा होऊन पुन्हा कर्ण्यात येतो, पुन्हा माईकात, आणि असा वाढत वाढत पेटी जाळतो.

"म्हणजे सोताचंच ऐकून पिसाळतंय," आबासाहेब म्हणाले.

"हो."

"तसे लई लोक हायेत." ते थोडा वेळ अडकित्ता चालवत राहिले. "पर पाठ न्हाई करता यायची."

"नाहीतर मग यंत्र नको," दिगू म्हणाला. "आणि यंत्र नसलं तर माझी शाळा गेली, आबासाहेब. तुमच्या नातवाची पण."

नातू शाळेत होता आणि बरा होता. हे आबासाहेबांना ठाऊक होतं. मी वकिली चातुर्याने सुचवलं, "लोकांनाच साहेबांच्या पाठीमागं बसवलं तर?"

"साहेबांनी लोकांकडं पाठ केलेली चालंल, ती त्यांची मर्जी," आबासाहेब म्हणाले. "पर मंग बोलायचं कुणाला? झाडाला?" पुन्हा अडकित्ता. मग एकदम, "तुळश्या, साहेबांच्या तंबूच्या दारात चपराशी उभा ऱ्हातो, त्याचं तोंड कुणीकडं बे?"

"भाईर."

"मंग पाठ?"

"साहेबांकडं."

"बेअदबी होती का?"

"न्हाई."

"कावून न्हाई?"

तुळशीरामाने विचार केला. "त्याला पट्टा असतो ना."

"मंग यालाबी बांध."

मी आयुष्यभर दिखाव्याची टर उडवत आलो आहे, म्हणून हे इथे लिहून ठेवणं भाग आहे. बिघाड अदबीने केला होता आणि दुरुस्तीही अदबीनेच केली. नकाशात तो उपाय नव्हता.

साहेब आले. मैदानात कर्णा उभा होता, तोंड खळ्याकडे, अंगावर लाल पट्टा, पट्ट्यावर घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला. साहेब खुर्चीत बसण्याआधी त्याच्यापुढे थबकले. "ये क्या है?" असं नाही विचारलं त्यांनी. विचारलं, "ये कौन है?"

"हुजूर, नया चोपदार है," आबासाहेब लवून म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि बसले. पेशकार आपल्या नेहमीच्या जागी, उजव्या हाताला. दिगू पेटीपाशी गुडघे टेकून. त्याचा हात तारेवर होता. साहेब पुटपुटले. आणि ते पुटपुटणं कर्ण्यातून बाहेर पडून मैदान, रस्ता, आंब्याचं झाड ओलांडून खळ्यांवर गेलं. पावसाबद्दल काही बोलले, बैलांच्या रोगाबद्दल बोलले, राजनिष्ठेबद्दल जरा जास्त बोलले. खळ्यावर उफणणारे तिपाईवर तसेच उभे राहिले. वारं सुटलं होतं तरी पाट्या हलेनात. तालुकदाराला खोकला झालेला होता, हेही त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं.

मग आबासाहेबांनी शाळेचा विषय काढला. साहेबांनी दिगूकडे पाहिलं, ओवरीकडे पाहिलं, आणि कर्ण्यातून आलं, "हाँ, हाँ, बच्चे पढ़ते हैं तो पढ़ने दीजिए. मदरसा चलने दीजिए."

पेशकार रिवाजाप्रमाणे एक पाऊल पुढे आला. घसा साफ केला. "हुजूर फ़र्माते हैं, मदरसे के बारे में गौर किया जाएगा."

मग खळ्यावरून तो तेवीसच्या पाढ्यातला म्हातारा तिपाईवर उभ्या उभ्या ओरडला, "न्हाई न्हाई! चालू द्या म्हणले! आमी ऐकलं!"

"ऐकलं!" दुसऱ्या खळ्यावरून आलं. "चलने दीजिए म्हणले!" बायका हसू लागल्या. गंजीवरची पोरं "चलने दीजिए, चलने दीजिए" असं पाढ्याच्या चालीवर म्हणू लागली. पेशकाराचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. एवढ्या वर्षांची नोकरी त्याने गाव बहिरं आहे या भरवशावर केली होती. साहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि ते जे बोलले तेही कर्ण्यातून सगळीकडे गेलं. "यही कहा था मैंने?"

"जी, हुजूर. चलने दीजिए."

दिगूने पेटीवर कपाळ टेकलं. ती चांगलीच तापली असणार, कारण त्याने लगेच उचललं.

पुढे यंत्र फार दिवस टिकलं नाही. आबासाहेबांकडे एका बारशाला ते नेलं, तिथे पट्टा बांधायचा राहिला, म्हणून तुळशीरामाने प्रामाणिकपणे कर्णा आबासाहेबांकडे वळवला. शेवटची जोडी तिथे गेली.

शाळा राहिली. साहेबांनी लेखी मंजुरी हैदराबादेहून मागवतो असं सांगितलं होतं, आणि ती यायच्या आत त्यांची बदली झाली. नंतर तपासणीला जो येई तो कागद मागे. दिगू त्याला खळ्यावर नेई आणि तिथली माणसं साहेब काय म्हणाले ते खोकल्यासकट म्हणून दाखवीत. तपासणारे शेरा लिहीत की मंजुरी लवकरच अपेक्षित आहे. मग ते राज्य गेलं. ओवरीतली शाळा पत्र्याखाली गेली, पत्र्याची स्लॅबची झाली, दिगू तिथूनच निवृत्त झाला. परवा नव्या हेडमास्तरांनी मला दप्तर दाखवलं. मंजुरी लवकरच अपेक्षित आहे.